'तो मी नव्हेच' म्हणणारे सहा जण

गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही काही जण नगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवीत आहोत. (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना तोंडात अजून नगरच येते, ते येथे तसेच राहू द्यावे.) नाटक आणि चित्रपट यांवरचे व्याख्यान आले की आम्ही ठरल्याप्रमाणे वर्गाचे पडदे ओढतो आणि बासू चटर्जी यांचा 'एक रुका हुआ फैसला' लावतो. १९८६ सालचा हा हिंदी चित्रपट मराठीच्या वर्गात कशासाठी, असे कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते. एक खोली, बारा माणसे आणि संवाद हीच सगळी कृती. संघर्ष, कलाटणी, उत्कर्षबिंदू या संज्ञा शिकवायला याहून सोयीचे साधन मिळणे कठीण. झोपडपट्टीतल्या एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, बारांपैकी अकरा जणांना तो दोषी वाटतो, आणि के. के. रैना यांनी उभा केलेला बारावा गृहस्थ एवढेच म्हणतो की मला खात्री नाही, आपण बोलू या. मुले खिळून बसतात. पंकज कपूर यांचा शेवटचा आकांत ओसरला की दिवे लागतात आणि आम्हीही एखादे पुण्यकर्म उरकल्याच्या समाधानात हजेरीपट उचलतो.

दोन वर्षांपूर्वी या समाधानाला तडा गेला. जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणारा आमचाच एक जुना विद्यार्थी त्या दिवशी वर्गात पाहुणा म्हणून बसला होता. चित्रपट संपल्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारले, "सर, ही ज्युरी कुठल्या कोर्टातली?"

प्रश्न बाळबोध वाटला तरी नव्हता. आपल्याकडे ज्युरीची पद्धत होती, हे खरे. १९५९ मध्ये मुंबईत कमांडर नानावटी यांच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे नानावटींना जन्मठेप झाली. त्यानंतर ही पद्धत आचके देत राहिली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. म्हणजे बासूदांच्या चित्रपटातली ती बारा माणसे १९८६ साली ज्या टेबलाभोवती बसली होती ते टेबल या देशात अस्तित्वातच नव्हते. रेजिनाल्ड रोझ यांचे १९५४ चे दूरचित्रवाणी-नाट्य आणि त्यावरचा सिडनी ल्युमेट यांचा १९५७ चा चित्रपट अमेरिकेतले; तिथे ती खोली खरी होती. आपल्याकडे आली ती केवळ खोलीची प्रतिकृती.

याचा अर्थ चित्रपट वाईट, असा नाही. कलाकृतीने कल्पित टेबल मांडू नये असा नियम आम्ही करणार नाही. आमची तक्रार आमच्याविरुद्ध आहे. पंधरा वर्षांत आम्हाला हे एकदाही मुलांना सांगावेसे वाटले नाही, कारण सांगण्याची गरजच भासली नाही. चुकीच्या शिक्षेचे नाट्य आम्ही इतके 'नाट्य' म्हणून पाहत होतो की आपल्याकडे चुकीची शिक्षा खरोखर कशी होते, हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. आणि हा रोग आमच्यापुरता नाही. मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने न्यायालयावर मनापासून प्रेम केले आहे. त्या प्रेमातून प्रेक्षकाला जी सवय जडली ती शंका घेण्याच्या नेमकी उलट आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मराठी माणसाचे सर्वांत लाडके न्यायालयीन नाटक कोणते? 'तो मी नव्हेच'. आचार्य अत्रे यांनी ते माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून लिहिले, १९६२ साली ते रंगमंचावर आले, आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे असा उभा केला की फिरता रंगमंच आणि फिरता आरोपी दोन्ही आख्यायिका झाल्या. नाटकाच्या थोरवीबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. पण भाषेत काय घडले ते पाहा. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कोणत्याही निरपराध माणसाला जे एकच वाक्य म्हणायचे असते, तेच वाक्य मराठीत लबाडीचे दुसरे नाव झाले. आज वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते शब्द आले की वाचक आधी हसतो. नाकारणारा माणूस म्हणजे पकडला गेलेला माणूस, ही समजूत आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती समजूत आहे हेही ध्यानात येत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला सगळे ठाऊक असते; न्यायाधीशाला ते कळायला तीन अंक लागतात, एवढीच काय ती गंमत. न्यायालयात नेमके हेच नसते. तिथे कुणालाच काही ठाऊक नसते, फक्त कागद असतो.

हे वाक्य सहा माणसांनी सोळा वर्षे म्हटले. ते महाराष्ट्रातले होते, भटक्या जमातीचे होते, मोलमजुरी करणारे होते. त्यांच्या खटल्याला वकिलांच्या ग्रंथांत पहिल्या आरोपीच्या नावाने ओळखतात. गुन्ह्याच्या वेळी तो अज्ञान होता हे पुढे सिद्ध झाले असल्याने येथे ते नाव आम्ही लिहीत नाही.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ रानातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या घरातली आई आणि एक मुलगा वाचले. अशा गुन्ह्यानंतर पोलिसांवर केवढे दडपण येते हे सांगायला नको. काही आठवड्यांत सहा जण अटकेत आले, जुलैमध्ये तुरुंगात ओळखपरेड झाली, वाचलेल्या दोघांनी त्यांना ओळखले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. २००९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत नेले. तीन पायऱ्या, आणि तिन्ही ठिकाणी दोषी. चित्रपट असता तर इथवर प्रेक्षक उठून गेले असते. अकरा विरुद्ध एक असे काही नव्हतेच, जो तो एकमताने.

मग शंका कुठून आली? कुणा वकिलाच्या खणखणीत उलटतपासणीतून किंवा ऐनवेळी धावत आलेल्या साक्षीदारामुळे ती आलेली नाही. ती पहिल्या तीन दिवसांतच जन्मली होती आणि कागदांच्या गठ्ठ्यात पडून होती. ७ जून २००३ रोजी, म्हणजे घटनेच्या तिसऱ्या दिवशी, त्या जखमी आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला होता. तिने त्यातून चार जणांकडे बोट दाखवले होते. तसा तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलाही गेला होता. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचे पुढे काय झाले, त्यांच्याकडे तपास का वळला नाही, याचे उत्तर अभियोगपक्षाने दिले नाही. ही बाब दडवली गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने शेवटी म्हटले. फेरविचार याचिकेवर २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, चुकार अधिकाऱ्यांची चौकशी करावी आणि त्या चौघांच्या बाबतीत पुढील तपास करावा, असे आदेश दिले. पाच लाखांना सोळा वर्षांनी भागले तर दिवसाला सुमारे ८५ रुपये पडतात.

आता हा खटला आणि आमचा वर्गातला लाडका चित्रपट शेजारी ठेवून पाहा. चित्रपटात शंका कशी निर्माण होते? खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला लंगडत दारापर्यंत यायला किती वेळ लागेल ते मोजून, आणि समोरच्या घरातल्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते हे आठवून. म्हणजे साक्षीदारांना खोटे किंवा चुकीचे ठरवून. साक्षीदार बाई चष्मा लपवण्याइतकी नटवी होती, या निष्कर्षावर बारा पुरुषांच्या खोलीत आपण टाळ्या वाजवतो. नाशिकच्या खटल्यात याच्या बरोबर विरुद्ध घडायला हवे होते. तिथे त्या बाईवर विश्वास ठेवायला हवा होता, तिच्या पहिल्या शब्दावर. सर्वस्व गमावलेल्या, अंगावर जखमा असलेल्या त्या बाईने तिसऱ्या दिवशी जे सांगितले ते कुणी प्रमाण मानले असते तर सहा माणसांचे तारुण्य वाचले असते, आणि जे मेले त्यांच्या बाजूनेही काही न्याय झाला असता. आरोपीचा कैवार घेणारे लोक पीडितांना विसरतात, असा आक्षेप स्टाफरूममध्ये आम्हाला हमखास ऐकू येतो. या खटल्यापुरते तरी उत्तर सोपे आहे: चुकीच्या माणसांना फाशी सुनावून ज्यांनी फाईल मिटवली त्यांनीच त्या कुटुंबाला सर्वांत आधी विसरून टाकले.

मधल्या काळातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार विचारात टाकते. २००९ च्या निकालाने ज्या जुन्या राजस्थानी खटल्याचा आधार घेतला होता त्यात असे तत्त्व सांगितले होते की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहावा, गुन्हेगार पाहू नये. पुढच्याच महिन्यात, मे २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात हे तत्त्व पूर्वीच्या घटनापीठाच्या निर्णयाशी विसंगत असल्याचे सांगितले. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, या चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या १३ जणांची शिक्षा सौम्य करावी अशी विनंती केली. त्यांत या खटल्यातले आरोपीही होते. पत्र लिहिणाऱ्यांचे मोठेपण आम्ही मानतो. पण लक्षात घ्यावे, त्या पत्रांतही प्रश्न शिक्षेचा होता, गुन्ह्याचा नव्हता. ही माणसे फासावर जाऊ नयेत एवढे म्हणणारे चांगले लोक होते. ही ती माणसेच नाहीत, असे म्हणणारे तेव्हा फक्त ती स्वतःच होती.

नानावटींना ज्युरीने सोडले तेव्हा त्यांच्या अंगावर नौदलाचा पांढरा गणवेश होता, 'ब्लिट्झ'सारखे साप्ताहिक त्यांची बाजू लढवीत होते, आणि शिक्षा झाल्यावरही काही वर्षांत राज्यपालांची माफी मिळाली. त्या खटल्यावर चित्रपटांमागून चित्रपट निघाले. २०१६ चा 'रुस्तम' ताजा म्हणावा असा. गोळी कुणी झाडली याबद्दल तिथे प्रश्नच नव्हता आणि तरी अवघ्या शहराला त्यांच्याबद्दल शंका घ्यावीशी वाटली. पेरूच्या फोडीसारखी गोड शंका! सहा मजुरांच्या वाट्याला तसली शंका आली नाही. शंका हीदेखील एक मालमत्ता असते आणि ती सर्वांना सारखी वाटलेली नसते.

यावर कुणी म्हणेल की हा विषय समाजशास्त्राच्या किंवा विधीच्या प्राध्यापकांचा. मराठीवाल्यांनी आपले छंद-अलंकार पाहावेत. आमचा सारा वाद खरे तर याच जागी आहे. त्या सहा जणांना ज्याने गिळले ते मराठी गद्य होते.

पोलीस ठाण्यात नोंदवला जाणारा जबाब कुणी नीट वाचला आहे काय? माणूस पारनेरचा असो की पाथर्डीचा, शेतमजूर असो की शिक्षिका, जबाबात सगळे एकाच भाषेत बोलतात. 'मी समक्ष विचारलेवरून जबाब देतो की' असे म्हणून सुरू होणारे ते वाक्य पानभर संपत नाही. त्यात माणसे नसतात, 'इसम' असतात. ती येत नाहीत, 'मिळून येतात'. 'काळासावळा, उंची अंदाजे साडेपाच फूट, मध्यम बांधा' या वर्णनात निम्मा जिल्हा बसतो. सांगणारा आपल्या बोलीत सांगतो, अडखळतो, रडतो, मागेपुढे जातो. लिहिणारा हवालदार ते आपल्या साच्यात ओततो. फौजदारी प्रक्रियेत तपासाच्या वेळी घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. जुन्या संहितेत हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे बोलणारा एक, लिहिणारा दुसरा आणि मजकुराचा धनी कुणीच नाही. निवेदक, निवेदनदृष्टी, विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह निवेदन यांवर एम.ए.च्या वर्गात आम्ही तासन्‌तास बोलतो. ज्या निवेदनावर माणूस फासावर जातो त्याकडे मात्र एकदाही वळून पाहत नाही.

'सराईत' हा शब्द घ्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. नाव गेले, पण संशय दुसऱ्या शब्दात जाऊन राहिला; सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे राज्याराज्यांतले कायदे आले आणि ठाण्याच्या मराठीत 'सराईत' घट्ट झाला. तुरुंगांतल्या जातिनिहाय नियमांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीही सांगावे लागले की विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार म्हणून वागवता येणार नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आम्ही कितीतरी वर्षे शिकवतो. मुले त्यावर 'वेदनेचा हुंकार' अशा ठरीव शब्दांत उत्तरे लिहितात आणि चांगले गुण मिळवतात. पण 'उचल्या' वाचलेल्या मुलाला 'सराईत' शब्द वाचताना ठेच लागते काय? लागत नसेल तर आम्ही ते पुस्तक शिकवले असे म्हणता येणार नाही.

आता 'शांतता! कोर्ट चालू आहे'कडे येऊ. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेले, सुलभाताईंनी अजरामर केलेले आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी पडद्यावर आणलेले हे नाटक. चुकीच्या शिक्षेचे मराठीतले सर्वांत भेदक चित्र कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही याचेच नाव घेऊ. आणि ते लुटुपुटीच्या कोर्टात घडते, हे तेंडुलकरांच्या प्रतिभेचे खास लक्षण. तिथे आरोप आधी ठरतो, साक्षीदार जागच्या जागी तयार होतात, ऐकीव गोष्टी पुरावा होतात. आणि शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद दिले जातात. बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत त्या दहा सेकंदांत घडते, म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने घडतच नाही. कुणी ते ऐकत नाही, कुठे त्याची नोंद होत नाही.

युवक महोत्सवात दरवर्षी निदान चार-पाच मुली ते स्वगत म्हणतात. परीक्षक म्हणून आम्ही आवाजाचे चढउतार, विराम, मुद्राभिनय यांना गुण देतो. खऱ्या खटल्यातही एक दहा सेकंदांची जागा असते, हे आम्ही त्यांना सांगत नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात की तुझ्याविरुद्ध असे असे आले आहे, तुला काय म्हणायचे आहे? जुन्या संहितेचे ३१३ वे कलम, नव्या संहितेचे ३५१ वे. आमच्या वकील विद्यार्थ्याने सांगितले की बहुतेक उत्तरे एका शब्दाची असतात: 'खोटे आहे', 'माहीत नाही'. ओळीने पन्नास प्रश्न आणि ओळीने पन्नास वेळा 'खोटे आहे'. हे नाट्य नाही, टंकलिखित कागद आहे. पण बेणारेच्या स्वगताचा अर्थ त्या कागदाशेजारी ठेवल्याशिवाय उमगत नाही, असे आम्हाला आता वाटते. तिला जे बोलता आले आणि ऐकले गेले नाही ते या माणसांना बोलताच येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'बद्दल (२०१४) येथे बोलायलाच हवे, कारण मराठीच्या प्राध्यापकांत त्या चित्रपटाइतकी कुरकुर दुसऱ्या कशाची ऐकलेली नाही. व्हेनिसला पुरस्कार, राष्ट्रीय सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची निवड. आणि आमच्या सहकाऱ्यांचा अभिप्राय: संथ आहे, काही घडत नाही, कॅमेरा हलत नाही. वीरा साथीदार यांनी उभा केलेला वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. आरोपच इतका अजब की आता वकील उठेल, टेबलावर मूठ आपटेल आणि सारे फोलपट उडवून देईल, अशी प्रेक्षक वाट पाहतो. तसे होत नाही. सरकारी वकीलबाई एकोणिसाव्या शतकातला कायदा एकसुरात वाचत राहतात. अनेक खटल्यांत हजर होणारा सरावलेला साक्षीदार येतो. मृताची विधवा येते आणि तिच्या साध्या बोलण्यातून कळते की नवऱ्याचा एक डोळा गटारातल्या वायूने गेला होता, मास्क-बूट कधी मिळालेच नव्हते. आणि या सगळ्या वेळात न्यायाधीश मराठी-हिंदीत ऐकलेले इंग्रजीत करून टंकलेखकाला सांगत असतात. साक्षीदार बोलतो ते एक, नोंदले जाते ते दुसरे. एक माणूस बोलला आणि दुसऱ्याने ते लिहिले यांच्यामधली ती फट हाच या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे. तो दिसत नाही कारण आपण उत्कर्षबिंदू आवाजावरून ओळखायला शिकलो आहोत. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी करावी म्हणून आपण चळवळी केल्या, १९९८ मध्ये तशी अधिसूचनाही निघाली; पण न्यायालयात मराठीचे भाषांतर मराठीतच कसे होते याचा विचार आपल्या भाषाप्रेमात बसत नाही. 'कोर्ट'मध्ये निकालही नाही. शाहीर जामिनावर सुटतो, पुन्हा पकडला जातो, न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. "मग शेवटी तो दोषी की निर्दोष?" असे एका सहकाऱ्याने विचारले होते. हा प्रश्न सुचावा, यातच पन्नास वर्षांचे न्यायालयीन मनोरंजन बोलते.

'जय भीम' (२०२१) मुलांना फार आवडतो आणि आम्हालाही आवडला. त्यात निदान जबाब कसे बनवले जातात ते दिसते. पण तिथेही काळ्या कोटातला महापुरुष हवाच. प्रत्येक जमातीला एकेक के. चंद्रू मिळायला हवा असे म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

या सगळ्याकडे आम्ही वळलो त्यामागे एक अपराधी भावनाही आहे. २०१७ चा नोव्हेंबर नगरमध्ये राहणाऱ्या कुणालाही विसरता येणार नाही. २३ तारखेला येथील सत्र न्यायालयाने जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथील १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याच्या २०१४ मधल्या खुनाच्या खटल्यात सर्व आरोपींना पुराव्याअभावी सोडले. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. २९ तारखेला, सहा दिवसांनी, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. दोन्ही निकालांच्या बरोबर-चुकीबद्दल आम्हाला येथे काही म्हणायचे नाही; तो अधिकार आमचा नाही. आम्ही सांगतो आहोत ते वर्गाबद्दल. त्या आठवड्यात वर्गात मुले वेगवेगळ्या बाकांवर बसली. प्रत्येकाला दोन्ही खटल्यांतले 'खरे' ठाऊक होते, आणि कुणाला कोणते ठाऊक आहे हे आडनावावरून सांगता येत होते. आम्ही काय केले? अभ्यासक्रम पुढे सरकवला. पुढच्याच महिन्यात पडदे ओढून 'एक रुका हुआ फैसला' दाखवला आणि पूर्वग्रह या विषयावर टिपण लिहून आणायला सांगितले. सगळ्यांनी उत्तम टिपणे आणली.

तेव्हा 'फितूर' हा शब्द रोज वर्तमानपत्रात होता. पोलिसांना दिलेल्या जबाबापासून न्यायालयात फिरलेला साक्षीदार तो फितूर. शब्द किल्ल्याच्या दरवाजांच्या काळातला. निष्ठा मोडणारा तो फितूर. पण निष्ठा कशावर? पोलिसांनी लिहून घेतलेल्या कागदावर. भीतीने किंवा पैशाने फिरणारे साक्षीदार असतात, त्यांना सौम्य शब्द शोधावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र नाशिकच्या त्या बाईने २००६ मध्ये न्यायालयात उभे राहून "ओळखपरेडीत चूक झाली, मी आधी दुसरीच माणसे ओळखली होती" असे म्हटले असते, तर आपल्या भाषेने तिलाही फितूरच म्हटले असते.

यंदा आम्ही एम.ए. भाग एकच्या अंतर्गत मूल्यमापनात एक बदल केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एकाने आपल्या डोळ्यांदेखत घडलेला एखादा प्रसंग, बाजारातली बाचाबाची किंवा एस.टी.तली पाकीटमारी, आपल्या बोलीत सांगायचा. दुसऱ्याने त्याचा जबाब लिहायचा, ठाण्यात लिहितात तसा. मग सांगणाऱ्याने तो वाचून, आपण म्हटले नव्हते अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढायची. दहा गुण. विभागातल्या काही ज्येष्ठांनी हे मराठीच्या अभ्यासक्रमात कुठल्या घटकाखाली बसते असे विचारले आहे. 'उपयोजित मराठी' असे उत्तर आम्ही लेखी दिले आहे आणि त्याच्या मंजुरीची वाट पाहतो आहोत. मधल्या काळात वह्या तपासून झाल्या. श्रीगोंद्याकडच्या एका मुलीच्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग एकच रेघ होती. फक्त तिचे नाव आणि गाव तेवढे तिने मोकळे सोडले होते.